सगळ्या घरांचा होकार

फोन आला तेव्हा एक निवृत्त बँक मॅनेजर माझ्या शेजारी बसून चौकात तिसऱ्यांदा गाडी बंद पाडत होते. मी गाडी शिकवते. माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो आणि लोकांना वाटतं की वेळेवर तो दाबला की माझं काम झालं. खरं काम असतं ते न ओरडण्याचं. ते मला अजून नीटसं जमलेलं नाही.

"काका, क्लच हळूहळू सोडायचा असतो. तुम्ही तो फेकताय."

मागचे लोक हॉर्न वाजवून कान किटवत होते, आणि माझा जीव त्या क्लचमध्ये अडकला होता. नवीन क्लच प्लेट कधीची मागवली होती. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "मॅडम, माल जहाजावर आहे आणि जहाज वळसा घालून येतंय." टायरचंही तेच, काचेचंही तेच. दोन शेजारी देशांची समुद्रावरून जुंपली. त्यांच्यामध्ये जी अरुंद पाण्याची वाट आहे, तिला बातम्यांत सामुद्रधुनी म्हणतात, आम्ही जहाजवाल्यांच्या घरचे तिला नुसतं चिंचोळी म्हणतो. तिथून जाणाऱ्या जहाजांवर बॉम्ब पडायला लागले. मग जहाजं अख्ख्या खंडाला वळसा घालून जायला लागली. लांबची वाट, जास्त तेल, विमा महाग, कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलेलं. त्यात ज्या थोड्या कंपन्या अजूनही चिंचोळीतून माल काढून द्यायला तयार होत्या, त्यांना लोक मागतील ते भाडं देत होते. हे मला पेपर वाचून कळलेलं नाही. माझा नवरा त्या धंद्यात आहे. मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर.

म्हणून स्क्रीनवर कंपनीचा नंबर दिसला तेव्हा मी क्लच विसरले. कंपनी नवीन वर्षाच्या शुभेच्छा मेसेजवर पाठवते. अवेळी फोन करते ती एकाच कारणासाठी. मी स्टिअरिंगला हात घालून गाडी कडेला घेतली आणि काकांना म्हटलं, "तुम्ही आता काही म्हणजे काही करू नका."

"नमस्कार मॅडम! कशा आहात? आई कशा आहेत?"

ही कंपनीतली बाई. घरच्यांशी संपर्क ठेवणं हे तिचं काम. मी तिचं नाव गोडबोली ठेवलं होतं.

"काय झालंय ते आधी सांगा."

"अहो, काही झालेलं नाही. घाबरू नका! जहाज आता सामुद्रधुनीतून जाणार आहे ना, म्हणून आम्ही सगळ्या घरांशी बोलतोय. सगळ्यांनी होकार दिलाय. तुमचे साहेब स्वतः तयार आहेत. तुमच्याकडून काही हरकत नाही ना, एवढंच विचारायचं होतं."

परवाच तर नवरा म्हणाला होता की आम्ही लांबच्या वाटेने चाललोय. फळं संपलीत, बाकी मजेत.

"मी त्याला विचारते," मी म्हटलं.

"नको ना मॅडम." तिचा आवाज आणखी मऊ झाला. "तुमच्या तर घरात दोन पिढ्या समुद्रावर. तिकडच्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार? ते आनंदाने निघालेत. त्यांना आनंदानेच जाऊ द्या."

मी, जिला न ओरडणं जमत नाही, ती मी त्या वेळी एक शब्द बोलले नाही. फोन ठेवून दिला. काकांनी विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "पहिला गिअर टाका."

आता गोडबोलीने जे बोट ठेवलं ते नेमकं कुठे ठेवलं, ते सांगायला हवं. आमच्यासारख्या घरांत एक रीत आहे. समुद्रावरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. त्याला तिथून काही करता येत नाही, उडी मारून घरी येता येत नाही, मग उगाच जाळायचं कशाला? जे काही झालं असेल ते तो घरी आला, आंघोळ झाली, जेवला, की मग सांगायचं. आणि तोही तिकडचं काही सांगत नाही. वादळ आलं तर म्हणतो जरा वारा होता.

माझे सासरे बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. त्यांचा धाकटा भाऊ तापाने गेला तेव्हा ते कुठल्याशा थंड बंदरात होते. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पुढचे कित्येक महिने त्यांना पत्रं लिहिली. भाऊजी बरे आहेत, भाऊजींनी विचारलंय. सासरे परत आले ते भावासाठी घेतलेलं घड्याळ खिशात घालून. दारातच म्हणाले, "कुठाय तो?" ही गोष्ट आईंनी मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितली, आणि ती दुःखाची म्हणून नाही, हिमतीची म्हणून सांगितली. मलाही ती हिमतीचीच वाटली होती. मीही तसंच वागत आले.

त्या दिवशीसुद्धा आमच्या घरात एक थाप चालूच होती. नवरा जहाजावर गेला आणि लगेच आई मोरीत घसरून पडल्या. पाय मोडला. पायाला प्लास्टर होतं आणि त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलच्या आधी मी आईंना खुर्चीत बसवायची, पाय स्टुलावर, फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून असा ठेवायचा की चित्र कमरेच्या वरच थांबेल. आईंना त्यात एवढी गंमत वाटायची की कॉल येण्याआधी त्या केस नीट करून पावडर लावायच्या. एकदा तो म्हणाला, "आई, जरा उठून खिडकीतलं झाड दाखव ना." आई म्हणाल्या, "मी काय तुझी नोकर आहे?" आणि तो हसत सुटला.

त्या संध्याकाळी कॉल आला. मी आईंना कंपनीच्या फोनबद्दल काही सांगितलं नव्हतं. तो पडद्यावर दिसला. दाढी वाढलेली, बॉयलर सूटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

"लांबून चाललोय," तो म्हणाला. "उशीर होईल. कंटाळा आलाय, बाकी काही नाही."

"बरं. इकडे सगळं ठीक," मी म्हटलं.

"माझी तब्येत एकदम ठणठणीत," आई म्हणाल्या.

तिघांपैकी एकही जण खरं बोलला नाही आणि तिघांच्याही चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग नेट गेलं.

मी भांडी आपटत बसले होते तेवढ्यात कुकच्या बायकोचा फोन आला. माझ्या नवऱ्याच्या जहाजावर जो स्वयंपाक करतो त्याची बायको. ती घरी शिवणकाम करते, आणि वर्षातून दोनदा वगैरे आमचं बोलणं होतं. ती फार दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, एक विचारू? तुम्ही कशाच्या भरवशावर हो म्हणालात?"

"कशाला हो म्हणाले?"

"चिंचोळीतून जायला. कंपनीतल्या बाई म्हणाल्या की सेकंड साहेबांच्या घरून सगळ्यात आधी होकार आला. मी म्हटलं, ताई शिकलेल्या, मिस्टर ऑफिसर, त्यांना काहीतरी पक्कं माहीत असणार. म्हणून मग मीही हो म्हटलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला होता, एवढंच. न बोलता ठेवलेला फोन कंपनीने होकार म्हणून जमा करून घेतला होता, आणि तोच पुढे दुसऱ्या घरी नेऊन दाखवला होता.

"मी हो म्हणालेच नाही," मी म्हटलं. "आणि तुझ्या नवऱ्याला तू विचारलंस का?"

"त्यांना कसं विचारू ताई? ते लांबून चाललोय म्हणतात. मला कळलंय हे त्यांना कळलं तर त्यांचा जीव लागेल का तिथे?"

मी जहाजावरच्या इलेक्ट्रिशियनच्या आईला फोन लावला. तिला सांगितलं होतं की कुकच्या घरून आधी होकार आला, मग सेकंड साहेबांच्या. म्हातारी म्हणाली, "मी कोण अडवणारी? सगळ्यांचंच पोर जातंय, मग माझंही जाऊ दे म्हटलं." आणि रडायला लागली. तिचाही मुलगा तिला लांबूनच चाललोय म्हणत होता.

सगळा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला. कंपनीला खोटं बोलायला फारसे कष्टच पडले नव्हते. आम्ही एकमेकांना विचारणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. आमच्या मायेचीच तिने भिंत करून ठेवली होती आणि दोन्ही बाजूंना जाऊन सांगत होती की पलीकडचे तयार आहेत.

मी आत जाऊन आईंना सगळं सांगितलं. मग म्हटलं, "मी त्याला विचारणार आहे. आत्ता."

"नाही." आईंचा आवाज कडक झाला. "आजवर या घरात असं झालेलं नाही. तो मशीनपाशी काम करतो. मन थाऱ्यावर नसेल तर हात जाईल त्याचा."

"आई, गेल्या महिन्यात ज्या जहाजावर बॉम्ब पडला, त्यातले वरचे लोक वाचले. खाली इंजिनात होते ते आले नाहीत. इंजिन रूम पाण्याच्या खाली असते."

"मला सांगतेस? माझा जन्म गेला जहाजवाल्यांच्या घरात."

"मग हाताचं काय घेऊन बसलाय?"

 मी वाईट बोलले होते, आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. मी त्यांच्यासमोरच फोन लावला. तो लागेना. पुन्हा लावला. जहाजावर नेट मोजून मिळतं, एकदा संपलं की संपलं. पाचव्या-सहाव्या वेळी तो आला.

"काय गं? आत्ताच तर बोललो."

"तू कुठून चाललायस?"

"सांगितलं ना, लांबून—"

"परत विचारते. कुठून?"

त्याच्या मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. त्याने कुठलं तरी दार ओढून घेतलं. मग म्हणाला, "चिंचोळीच्या तोंडाशी नांगर टाकून उभे आहोत. पुढच्या ताफ्याबरोबर आत जायचंय. तुला माहीतच आहे की सगळं. तूच हो म्हणालीस ना?"

"मी?"

"कॅप्टनला कंपनीचा निरोप होता. सगळ्या घरांचा होकार आलाय, सेकंडच्या घरून सगळ्यात आधी." त्याने घसा साफ केला. "तिथून जायचं म्हणजे पगार दुप्पट. मला वाटलं, घरात काहीतरी अडलं असेल. तू सांगत नाहीयेस. गाडीचं काम निघालं असेल, फ्लॅटचा हप्ता असेल. म्हणून मीही काही बोललो नाही. म्हटलं, तिला वाटतंय जावं, तर जाऊ."

मला एकदम रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "तुला असं वाटलं? दुप्पट पगारासाठी मी तुला तिथे ढकलेन असं वाटलं तुला? इतकी वर्षं संसार केलास माझ्याबरोबर!"

"तुला काय वाटलं होतं मग?"

"मला वाटलं तू मला फसवून निघालास."

 नेट जात होतं ते कळत होतं. एवढ्यात आईंनी हात पुढे केला. "फोन दे इकडे."

मला वाटलं त्या त्याला समजावतील, काही काळजी करू नकोस, ही वेडी आहे म्हणतील. त्यांनी फोन घेतला, कॅमेरा सुरू केला आणि तो सरळ स्वतःच्या पायावर धरला.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तू गेलास आणि मी पडले. हाड मोडलंय. अजून महिनाभर तरी चालता येणार नाही. आम्ही दोघींनी तुला रोज फसवलंय. तुझ्या बापाला मी मेलेल्या भावाची खुशाली कळवत राहिले आणि आयुष्यभर त्याचा तोरा मिरवला. आता तू मला खरं सांग. तुला जायचंय का त्या चिंचोळीत?"

पडद्यावर त्याचा चेहरा थांबला होता, नेटमुळे की कशामुळे ते समजेना. मग आवाज आला.

"नाही, आई. मला भीती वाटते."

पन्नाशीला टेकलेला माणूस, केस अर्धे पिकलेले. आईंनी फोन छातीशी धरला आणि मग माझ्याकडे दिला. त्यांनी डोळेसुद्धा पुसले नाहीत.

नियम साधा होता, तो त्यालाही माहीत होता आणि कंपनीलाही. युद्धाच्या पाण्यात जायला कोणावर जबरदस्ती करता येत नाही. नाही म्हटलं तर कंपनीने स्वतःच्या खर्चाने घरी पाठवायचं. पण नाही म्हणणाऱ्याला ती कंपनी पुन्हा जहाज देत नाही, आणि भरतीवाले सगळे एकमेकांना ओळखतात. "परत कोणी घेणार नाही मला," तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही घेतलं तर नाही. मी घेते. गाडी शिकव माझ्याबरोबर, आणि शिकणारे ऐकत नसले तर ओरडायचं काम माझ्याकडे." तो हसला. पहिल्यांदा खरं हसला आणि नेट गेलं.

त्या संध्याकाळी मी जेवढी घरं माहीत होती तेवढ्या घरी फोन लावले. एकच वाक्य बोलत होते: मी हो म्हणालेले नाही, तुम्ही म्हणालात का, आणि तुमच्या माणसाला तुम्ही विचारलंत का? काहींनी फोन आपटला. एका सुनेने मला चांगलंच सुनावलं की आमच्या घरात काडी टाकू नका. तिचा नवरा दुप्पट पगारासाठी खरंच निघाला होता, आपल्या खुशीने. त्याला मी काय बोलणार? पण बहुतेक घरी मी एवढं विचारलं की समोरचं माणूस म्हणायचं, ठेवा फोन, आधी त्याला विचारते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कंपनीच्या ऑफिसात गेलो. माझ्या शिकाऊ पाटीच्या गाडीत मी, कुकची बायको आणि इलेक्ट्रिशियनची आई. ऑफिस म्हणजे काचेचं दार, थंडगार हवा, काचेच्या पेटीत ठेवलेलं जहाजाचं मॉडेल आणि त्याखाली चकचकीत पितळी पट्टी. दारातच कॅप्टनच्या मिसेस उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी माझं वाक्य पुरं ऐकायच्या आधीच त्यांनी फोन ठेवला होता. आता मात्र त्या आमच्या मागून आत आल्या.

गोडबोली माझ्या कल्पनेपेक्षा बरीच लहान निघाली. नाक लाल, सर्दी झालेली, टेबलावर टिश्यूचा ढीग. मला पाहून तिचा चेहरा पडला. "मॅडम, मला जे सांगायला सांगतात ते मी सांगते," ती म्हणाली. मी म्हटलं, "तेच तर आम्हीही करत आलो. तुझ्या साहेबांना बोलव."

साहेब बाहेर आले. उंच, सभ्य, हात जोडलेले. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि समजावायला घेतलं.

"तुमच्या भावना मला समजतात. पण कायद्याने पाहिलं तर घरच्यांना यात काही म्हणणं नसतं. निर्णय त्या त्या कर्मचाऱ्याचा असतो."

"मग आम्हाला फोन कशाला केला होता?" मी विचारलं.

"केवळ सौजन्य म्हणून."

"आणि आमचं सौजन्य जहाजावर कोणी पोचवलं? सेकंडच्या घरून आधी होकार आला, हे कोणी सांगितलं? माझा होकार तुम्ही माझ्या तोंडातून ऐकलात का?"

"काही गैरसमज झाला असेल."

"गैरसमज एका घराबद्दल होतो," कुकची बायको म्हणाली. एवढ्या दबक्या आवाजाची बाई, पण ती टेबलावर हात टेकून उभी राहिली होती. "प्रत्येक घरी दुसऱ्या घराचं नाव सांगितलंत. याला आमच्याकडे लबाडी म्हणतात."

साहेबांनी पेन टेबलावर सरळ ठेवलं. मग त्यांचा सूर बदलला. वळसा घालायचा म्हणजे किती तेल जळतं, विम्याचा भाव रोज कसा बदलतो, माल वेळेत पोचवायचा करार कसा आधीच झालाय, सगळीकडे दुकानं कशी रिकामी पडलीत. "तुम्ही गाडी चालवता ना? तुमच्या गाडीचे सुटे भागसुद्धा या जहाजांवरूनच येतात."

"माझी गाडी जागेवर सडली तरी चालेल मला," मी म्हटलं. "तुमचं भाडं वाढलं ना? वाढू दे. तेवढं भाडं घ्या आणि त्यातून वळशाचं तेल भरा. लोक महाग माल घेतील, कुरकुरतील, आणि घेतील. माझा नवरा तुमच्या घाईची किंमत नाही."

"माझं पोरही नाही," इलेक्ट्रिशियनची आई म्हणाली.

साहेबांनी उसासा टाकला. ते म्हणाले, हरकत नाही, ज्यांना जायचं नाही त्यांना आम्ही घरी आणू, सन्मानाने. जहाजावरून सकाळीच निरोप आलाय, कॅप्टनने जेवणाच्या खोलीत सगळ्यांना एकत्र बोलावून विचारलं, तुम्हा तिघींची माणसं धरून काही जण नाही म्हणाले. त्यांच्या जागी बदली माणसं ठरलीत, विमानाची तिकिटं निघालीत. "या क्षेत्रात इंजिनिअरांची कमतरता नाही, मॅडम. जहाज जाणारच आहे."

 आम्ही जिना उतरलो. खाली दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्यांची माणसं घरी येणार होती. माझंही येणार होतं. मी मन चाचपून पाहिलं तर खरंच मोठं ओझं उतरलं होतं. मला थेट घरी जावं, चादरी बदलाव्यात, त्याच्या आवडीचं काहीतरी करावं असं वाटत होतं.

कॅप्टनच्या मिसेस पायरीवर थांबल्या होत्या. "जरा इकडे या," त्या मला म्हणाल्या. "कॅप्टनला नाही म्हणता येत नाही, असं मला लग्नापासून सांगत आलेत. काल तुमचा फोन ठेवला आणि मी यांना विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. ते म्हणाले, माझी माणसं जर मनाविरुद्ध निघाली असतील तर मी जहाज हलवणार नाही. पण नवीन माणसं आली आणि ती खुशीने आली, तर माझ्याकडे कारण उरत नाही." त्यांनी माझा फोन मागितला आणि त्यात एक नंबर टाकला. "जो येतो त्याची माहिती आधी कॅप्टनकडे येते. घरच्या नंबरासकट. हा तुमच्या मिस्टरांच्या जागी येणाऱ्याच्या घरचा."

असा नंबर कोणाला देणं नियमात बसतं का? मुळीच नाही. मी तो घेतला.

घरी आले तेव्हा आई पाय लांब करून खिडकीशी बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. नंबराचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपला येतोय ना? मग आता पुरे. परक्या बाईला काय सांगणार तू? तुझ्या नवऱ्याला मरायला नेतायत?"

"तिला कोणी काही सांगितलं नसेल, आई."

"नसेल. तुला तरी कोणी सांगितलं होतं? आपण भोगलं, आपण निस्तरलं." त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी फोन हातात घेऊन बसले. खरं सांगते, मला लावायचा नव्हता. माझा माणूस सुटला होता. तो सुटला की जगाचं काहीही होवो, असं मनातून वाटत होतं, आणि ज्यांना तसं वाटत नाही त्यांच्यावर माझा विश्वास नाही. पण मग गोडबोलीचा तो मऊ आवाज आठवला. तो आज सकाळी किंवा काल कुठल्या तरी दुसऱ्या बाईच्या कानात शिरला असणार, आणि त्याने तिला सांगितलं असणार की साहेबांना विचारू नका. मी नंबर लावला. आईंनी मान वळवली नाही, पण हात लांब करून टीव्हीचा आवाज बंद केला.

फोन एका बाईने उचलला. मागे कुकरची शिट्टी होत होती आणि कोणीतरी कपाटं उघडून झाकत होतं. बॅग भरायची गडबड ओळखू येते मला.

मी माझी ओळख सांगितली. ज्या जहाजावर तुमचे मिस्टर निघालेत, त्यावरच्या सेकंड इंजिनिअरची बायको बोलतेय.

"अय्या, हो का!" ती म्हणाली. आवाज मोकळा, माझ्यापेक्षा बराच तरुण. "बरं झालं तुम्हीच फोन केलात. मी यांना म्हणतच होते की त्यांच्या घरी कोणीतरी विचारपूस करायला हवी. तुमचे साहेब अचानक आजारी पडले म्हणून यांना घाईने बोलावलंय ना? कसे आहेत आता ते? फार नाही ना काही?"

आई आता माझ्याकडे बघत होत्या.

"ते ठणठणीत आहेत, ताई," मी म्हटलं. "तुम्ही कुकर बंद करा. बॅग भरताहेत त्या साहेबांनाही इकडे बोलवा, फोन स्पीकरवर टाका, आणि दोघं माझ्यासमोर बसा."